पश्चिमेचे आकाश बंद होते तेव्हा

१३ जून २०२५ च्या पहाटे इस्रायलने इराणवर हवाई हल्ले सुरू केले आणि पाठोपाठ इराण, इराक, जॉर्डन यांनी आपले आकाश नागरी विमानांना बंद केले. त्याच पहाटे मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे १२९ क्रमांकाचे विमान वाटेतूनच वळले आणि पुन्हा मुंबईच्या सहार विमानतळावर उतरले. न्यूयॉर्कला निघालेले ११९ क्रमांकाचे विमानही परतले. लंडनहून मुंबईकडे येणारे १३० क्रमांकाचे विमान व्हिएन्नाला उतरवावे लागले. आदल्याच दुपारी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले होते. सहार, मरोळ, कलिना, पवई या पट्ट्यात विमानांवर पोट असलेली किती तरी घरे आहेत. त्या घरांत अजून त्या अपघाताशिवाय दुसरा विषय नव्हता आणि तेवढ्यात ही दुसरी बातमी येऊन धडकली.

विमान परत फिरले, म्हणजे प्रवासी जिथून निघाले तिथे सुखरूप पोचले, एवढेच आपण वाचतो. विमानतळावर त्याचा अर्थ बराच मोठा असतो. लांब पल्ल्याचे विमान टाक्या भरून निघालेले असते आणि तेवढ्या वजनानिशी ते लगेच उतरवता येत नाही. इंधन जाळावे तरी लागते, नाहीतर समुद्रावर सोडून द्यावे लागते. उतरल्यावर त्याला उभे राहायला बे हवा, पण तो बे तोवर दुसऱ्या विमानाच्या नावावर लागलेला असतो. वैमानिक आणि केबिन क्रू यांचे ड्यूटीचे तास भरत आलेले असतात, त्यामुळे तेच कर्मचारी तेच विमान घेऊन पुन्हा निघू शकत नाहीत. प्रवाशांच्या पासपोर्टवर देश सोडल्याचा शिक्का बसलेला असतो. तो रद्द करून घेतल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नाही. पोटातले सामान उतरवून पुन्हा बेल्टवर घालायचे. त्या सामानाबरोबर कार्गो असतो आणि त्यात बहुतेक वेळा नाशवंत माल असतो. हे सगळे करणारे हात रोस्टरवर नेमके मोजलेले असतात. जास्तीची माणसे कुठल्याच शिफ्टमध्ये राखून ठेवलेली नसतात.

मुंबईच्या विमानतळाला तर जास्तीचे असे काहीच परवडत नाही. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि दुसरी तिला छेदून जाते. त्यामुळे धावपट्ट्या दोन असल्या तरी एका वेळी एकीवरच काम चालते. गर्दीच्या वेळी तासाला ४६ च्या आसपास विमाने चढतात-उतरतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात साडेपाच कोटींहून अधिक प्रवासी या एवढ्याशा जागेतून गेले. वर्षाचा बराच काळ वारा समुद्राकडून वाहतो, म्हणून विमाने ठाण्याच्या खाडीवरून येतात, घाटकोपर आणि असल्फाच्या टेकडीशेजारून खाली उतरतात, जरीमरीच्या घरांना जवळजवळ लागून धावपट्टीवर टेकतात. उडालेली विमाने पार्ल्यावरून जुहूच्या समुद्रावर जातात. घाटकोपरपासून जुहूपर्यंतच्या माणसाला विमानतळाचे बरे-वाईट कानानेच कळते. रात्री अकरा ते पहाटे पाच हा परदेशी उड्डाणांचा सगळ्यांत गर्दीचा वेळ. दुबई, दोहा, मस्कत, जेद्दा, रियाध, कुवेत अशी रांग लागलेली असते. म्हणजे मुंबई झोपलेली असते तेव्हा तिचा विमानतळ सगळ्यांत जास्त जागा असतो, आणि त्याचे तोंड पश्चिमेकडे असते.

त्या पश्चिमेचे आकाश मुंबईच्याच देखरेखीत बरेच दूरवर जाते. मुंबईच्या हवाई नियंत्रकांचा प्रदेश अरबी समुद्रावर पसरत कराची, मस्कत, मोगादिशूच्या हद्दींना जाऊन भिडतो. खोल समुद्रावर रडार पोचत नाही. तिथे विमानाने स्वतःहून पाठवलेल्या स्थानसंदेशांवर आणि रेडिओवर काम चालते, आणि म्हणून दोन विमानांमध्ये अंतरही जास्त ठेवावे लागते. पाकिस्तानचे आकाश बंद झाले की दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमाने राजस्थान-गुजरातवरून खाली येतात आणि याच समुद्रावरून मस्कतकडे वळतात. दिल्लीचा खोळंबा होतो, इंधन दिल्लीच्या विमानांचे जळते, पण ती वाहतूक सांभाळण्याचे काम मुंबईच्या नियंत्रकांकडे येते. ही माणसे आपल्याला कधी दिसत नाहीत. त्यांच्याबद्दल लिहिले जायला हवे म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

मुंबईच्या हवाई वाहतुकीचा जन्म याच वाटेवर झाला, हे आज आठवले की मन खिन्न होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका लहानशा पुस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले आणि दुपारी जुहूला पोचले. लंडनचे टपाल इम्पीरियल एअरवेज कराचीपर्यंत आणत असे, तिथून पुढचा टप्पा टाटांचा. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची चिखलाची जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, मग चार महिने कारभार पुण्याला हलवावा लागे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझला मोठा तळ उभारला. युद्ध संपल्यावर त्याच तळावरच्या दोन रिकाम्या हँगरांमध्ये मुंबईचे पहिले मोठे टर्मिनल थाटले गेले. एकातून देशातले प्रवासी जात, दुसऱ्यातून परदेशचे. म्हणजे आपल्या या विमानतळाचा पाया युद्धाने घातला आणि पहिला प्रवास कराचीने दिला.

कराचीची ती वाट पुढे पुन्हा पुन्हा मिटत गेली. १९७१ च्या युद्धात मुंबईने डिसेंबरच्या रात्री काळोखात काढल्या. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, गाड्यांच्या दिव्यांना काळा रंग लागला. दोन्ही देशांमधला विमानप्रवास थेट १९७६ मध्ये पूर्ववत झाला. २००२ च्या सुरुवातीला, संसदेवरच्या हल्ल्यानंतर, आकाश पुन्हा बंद झाले ते दोन वर्षे. पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची कराची-मुंबई फेरी २०१७ मध्ये थांबली. घाटकोपरला कराचीचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे. ५ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे सहारहून निघालेले पॅन अ‍ॅमचे ७३ क्रमांकाचे विमान कराचीला उतरले असताना अबू निदाल या पॅलेस्टिनी गटाच्या चार सशस्त्र माणसांनी ते ताब्यात घेतले. केबिन क्रूमधल्या नीरजा भनोतने वैमानिकांना वेळीच इशारा दिला, त्यामुळे ते निसटले आणि विमान जागचे हलवता आले नाही. सतरा-एक तासांनी गोळीबार सुरू झाला तेव्हा ती प्रवाशांना बाहेर काढत होती. दोन दिवसांनी तिला तेविसावे वर्ष पूर्ण होणार होते. घाटकोपर पूर्वेला तिच्या नावाचा चौक आहे. भाजी घेऊन, मुलांना शाळेत सोडून हजारो माणसे रोज त्यावरून जातात. पॅलेस्टाईनच्या भांडणातली गोळी घाटकोपरच्या मुलीला लागली, हे त्या चौकातल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवे.

पण सहारच्या इतिहासातले सगळ्यांत मोठे प्रकरण १९९० चे. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. एका देशाच्या राजधानीचा मुख्य विमानतळ काही तासांत कसा संपतो, हे त्या दिवशी जगाने पाहिले. लंडनहून मद्रासमार्गे क्वालालंपूरला जाणारे ब्रिटिश एअरवेजचे १४९ क्रमांकाचे विमान त्याच पहाटे इंधन भरायला कुवेतला उतरले आणि तिथेच अडकले. प्रवासी इराकच्या ताब्यात गेले, विमान पुढे तिथेच नष्ट झाले. कुवेतमध्ये त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. मल्याळी सर्वांत जास्त. शिवाय गोव्याचे, मंगळूरचे, गुजरातचे, रत्नागिरी-रायगडचे. दिनार एका रात्रीत रद्दी झाला. बँकेतली शिल्लक, दुकान, गाडी, शेठकडे राहिलेला पगार, सगळे गेले. कित्येकांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात होते आणि मालक पळून गेलेला होता.

कुवेतचा विमानतळ बंद, संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागू, म्हणून विमाने थेट तिथे जाणे शक्यच नव्हते. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दाम हुसेन यांना भेटले. त्या भेटीतल्या गळाभेटीच्या छायाचित्रावरून त्यांच्यावर बरीच टीका झाली. मला त्या टीकेत कधीच दम वाटला नाही. लाखभर माणसे ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्याशी बोलावेच लागते, आणि ते बोलणे फुकट गेले नाही. माणसांना बसने बसऱ्याला, तिथून बगदादला, तिथून जॉर्डनच्या सरहद्दीवर जाऊ दिले गेले. सुमारे दीड हजार किलोमीटरची ती वाट, ऑगस्टचे ऊन, रुवैशिदजवळच्या वाळवंटातले तंबू, पाण्यासाठी रांगा. मग अम्मान. आणि अम्मानहून सहार.

१३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९०. ५९ दिवस, ४८८ उड्डाणे, १,११,७११ माणसे. एअर इंडियाने इंडियन एअरलाइन्सच्या जोडीने केलेल्या या कामाची गिनीजमध्ये नोंद आहे. आकडे असे लागोपाठ लिहिले की डोळा त्यांवरून घसरतो, म्हणून ते सहारच्या बाजूने मोजून पाहावेत. रोज सरासरी आठ जादा विमाने, रोज जवळपास एकोणीसशे माणसे, आणि हे दोन महिने सलग. तेही नेहमीची वाहतूक चालू असताना, १९८१ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या जुन्या टर्मिनलमध्ये, पावसाळ्याचे शेवटचे दिवस चालू असताना. येणारा प्रवासी नेहमीचा आखाती प्रवासी नव्हता. त्याच्याकडे टू-इन-वन नव्हता, साड्यांचे गाठोडे नव्हते. एक पिशवी, एक मूल, कधी तेही नाही. सीमाशुल्क अधिकाऱ्यांना त्याच्याकडे शोधायला काही नव्हते. त्याला हवे होते जेवण, घरी निरोप, आणि मल्याळी माणसाला पुढे दोन दिवसांच्या रेल्वेचे तिकीट. मुंबई त्याचे गाव नव्हतेच. गावाच्या वाटेवरचे ते पहिले आपले ठिकाण होते.

२०१६ मध्ये या घटनेवर हिंदी चित्रपट आला आणि कथेच्या सोयीसाठी त्यात एका उद्योगपतीला नायक केले गेले. तेव्हापासून ही सुटका एका माणसाच्या धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ते मला मान्य नाही. ती सुटका वकिलातीतल्या कारकुनांनी, एअर इंडियाच्या वैमानिकांनी आणि इंजिनिअरांनी, बसची यादी करणाऱ्या कुवेतमधल्या भारतीयांच्या समित्यांनी आणि सहारला रात्रपाळीत ट्रॉल्या ओढणाऱ्या लोडरांनी मिळून केली. एक सरकारी विमान कंपनी, तिच्याबद्दल कितीही तक्रारी असोत, दोन महिने माणसे आणत राहिली. ती कंपनी २०२२ च्या जानेवारीत खासगी मालकीची झाली. पुढच्या वेळी हे काम कोणत्या करारावर, कुणाच्या हुकमाने होईल, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला असता तर बरे झाले असते.

त्या युद्धाचा दुसरा हप्ता सहारने पुढच्या पावसाळ्यात भरला. कुवेतच्या संकटाने तेलाचे भाव भडकले, आखातातून येणारा पैसा आटला, आणि देशाकडचे परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण ठेवण्यासाठी मुंबईहून विमानाने पाठवले. दक्षिण मुंबईतल्या तिजोरीतून विमानतळाकडे निघालेली सोन्याची एक गाडी वाटेत बंद पडली आणि सगळ्यांचे धाबे दणाणले, असा प्रसंग नंतर सांगितला गेला. ज्या दारातून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रिकाम्या हातांची माणसे आत आली, त्याच विमानतळावरून दहा महिन्यांनी देशाचे सोने बाहेर गेले. माणसांची बातमी परराष्ट्र खात्याच्या पानावर छापली गेली, सोन्याची अर्थकारणाच्या. सहारला राहणाऱ्या माणसाला ती एकच बातमी होती.

नंतरच्या युद्धांतल्या सुटका लहान होत्या, पण वाट तीच राहिली. २०१५ मध्ये येमेनमधून जिबूतीमार्गे हवाई दलाची सी-१७ विमाने मुंबईला आली. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमधून निघालेल्या २१९ जणांना घेऊन बुखारेस्टहून आलेले पहिले विमान मुंबईलाच उतरले. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानमधून जेद्दामार्गे २४६ जण इथेच आले. आता टर्मिनल २ आहे, संगमरवर आहे, कलाकृतींची भिंत आहे. परतणाऱ्यासाठी वेगळी मार्गिका लागते, कॅमेरे लागतात, मंत्री हार घेऊन उभे राहतात. परतणे नीट होते. अडते ते जाणे.

ते २०१९ मध्ये कळले. बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारीला पाकिस्तानने आकाश बंद केले ते १६ जुलैपर्यंत. एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसला, असे तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत सांगितले. त्यातच २० जूनला इराणने अमेरिकेचा ड्रोन पाडला, अमेरिकेने आपल्या विमानांना तेहरानचे आकाश वर्ज्य केले, आणि युनायटेडने नेवार्क-मुंबई फेरी थांबवली. न्यू जर्सीत मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. जूनमध्ये मुलांना सुट्ट्या लागतात आणि त्या घरांतून आजी-आजोबांकडे येण्याची लगबग असते. होर्मुझच्या सामुद्रधुनीवर पडलेल्या एका यंत्राने पार्ल्या-बोरिवलीच्या किती घरांतले जूनचे बेत मोडले, ते कुठल्याच उत्तरात आले नाही. संसदेत कंपन्यांचा तोटा सांगितला जातो, प्रवाशांचा नाही.

२०२५ मध्ये तर बंद आकाशांची मालिकाच सुरू झाली. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने आकाश बंद केले, ३० एप्रिलला भारताने. दरवेळी महिन्याभराची मुदतवाढ मिळत ती बंदी चालूच राहिली. वर्षभर ती टिकली तर ६० कोटी डॉलरचा भुर्दंड बसेल, असा एअर इंडियाचा अंदाज बाहेर आला. ७ मेच्या पहाटे पाकिस्तानवर भारताचे ऑपरेशन सिंदूर झाले, आणि ९ मेला उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ १५ मेच्या पहाटेपर्यंत नागरी वाहतुकीला बंद असल्याचा नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, निघाला. मुंबई त्यांत नव्हती. पण भूज, जामनगर, राजकोट, पोरबंदर, कांडला, केशोद, मुंद्रा होते.

ही नावे दादर-गिरगावात नुसती वाचली गेली असतील, मुलुंड आणि घाटकोपरमध्ये त्यांचा अर्थ वेगळा आहे. तिथल्या कच्छी-गुजराती घरांत मे महिना म्हणजे गावी जाण्याचा महिना. लग्ने, जत्रा, कुलदेवता, म्हातारी आई. भूजचे विमान रद्द झाले की उरते बोरिवलीला थांबणारी कच्छ एक्स्प्रेस किंवा सयाजीनगरी, आणि मेच्या सुट्टीत त्यांचे आरक्षण कधीच संपलेले असते. शिवाय पलीकडे कच्छमध्ये रात्री काळोख पाळला जात होता. जुन्या माणसांना १९७१ आठवले. त्या डिसेंबरमध्ये भूजच्या हवाई तळावर बाँब पडून धावपट्टी फुटली, तेव्हा तळाची जबाबदारी स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक या मराठी अधिकाऱ्याकडे होती. शेजारच्या माधापर गावातल्या तीनशे बायका आल्या आणि तीन दिवसांत त्यांनी ती पट्टी पुन्हा विमाने उतरण्याजोगी केली. आकाशातून आपण दिसू नये म्हणून हिरव्या साड्या नेसून त्या काम करत, भोंगा वाजला की झुडपांत शिरत. युद्धात विमानतळ पुन्हा चालू करणे हे हाताचे काम असते, हे माधापरच्या बायकांनी दाखवून दिले. १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी झाली, १२ मेला बंद विमानतळ उघडले.

मुंबईत त्या आठवड्यात विमाने उडत होती, पण नेहमीच्या गतीने नाही. प्रत्येक प्रवाशाची विमानात चढण्याआधी दुसऱ्यांदा तपासणी, ज्याला विमानतळावर लॅडर पॉइंट चेक म्हणतात, ती सर्वांना सक्तीची झाली. सोडायला आलेल्यांना टर्मिनलमध्ये प्रवेश बंद. तीन तास आधी या, चेक-इन ७५ मिनिटे आधी बंद होईल, अशा सूचना निघाल्या. दर तासाला चाळीस-पंचेचाळीस विमाने हाताळणाऱ्या ठिकाणी प्रत्येक विमानामागे आणखी एक तपासणी म्हणजे तेवढीच माणसे, तेवढेच दरवाजे, आणि जास्त वेळ. ती तपासणी आवश्यक होती. तिचा भार कुणाच्या पायांवर पडला, तेही तितकेच खरे आहे.

मग १५ मे. नागरी विमान सुरक्षा ब्युरोने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन सेलेबी या मूळ तुर्की ग्राउंड हँडलिंग कंपनीची सुरक्षा मंजुरी तात्काळ रद्द केली. तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला होता, तुर्की ड्रोन वापरले गेले होते, देशात राग होता. अंधेरी पूर्वचे आमदार मुरजी पटेल यांच्या पुढाकाराने विमानतळावर आंदोलनही झाले होते. आपला कुठल्याही सरकारशी संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. पण प्रश्न कंपनीपुरता नव्हता. मुंबईच्या विमानतळावरचे सुमारे ७० टक्के ग्राउंड हँडलिंग तिच्याकडे असल्याचे वृत्तांत होते, आणि देशभरात तिची दहा हजारांहून अधिक माणसे कामाला होती.

ग्राउंड हँडलिंग म्हणजे काय, ते प्रवाशाला दिसते तेवढेच नसते. चेक-इन काउंटरवर बॅगेला टॅग लावणारी मुलगी, पट्ट्यावरून आलेली बॅग कंटेनरमध्ये रचणारा लोडर, विमानाला शिडी लावणारा, टगने ते मागे ढकलणारा, चाकाच्या पुढे-मागे ठोकळे ठेवणारा, व्हीलचेअरवरच्या आजींना दारापर्यंत नेणारा. यांतली बहुतेक माणसे सहार, मरोळ, साकीनाका, जरीमरी, कलिना, कुर्ला आणि मध्य रेल्वेच्या पुढच्या गावांतून येणारी भारतीय माणसे. त्यांना आत जायला जो पास लागतो तो कंपनीच्या नावावर निघतो. कंपनीची मंजुरी गेली की पासचा आधार गेला. एका संध्याकाळच्या आदेशाने त्यांची कंपनी परकी ठरली. कर्मचाऱ्यांना सामावून घेतले जाईल, असे विमानतळाकडून सांगण्यात आले, आणि इंडोथाई या कंपनीला तात्पुरते काम देण्यात आले. त्या रात्री विमानांची हाताळणी बंद पडली नाही, याचे श्रेय मी त्याच माणसांना देतो. काल सेलेबीसाठी काम करत होते, उद्या कुणासाठी करणार ते त्यांना माहीत नव्हते, आणि मधल्या रात्री त्यांनी जेद्दाचे विमान भरून दिले.

प्रकरण न्यायालयांत गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २६ मे रोजी विमानतळ कंपनीला नव्या निविदेवर अंतिम निर्णय घेण्यापासून तूर्त रोखले. दिल्ली उच्च न्यायालयाने ७ जुलैला सरकारचा निर्णय कायम ठेवला. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असताना आधी नोटीस देऊन म्हणणे ऐकून घेण्याचा आग्रह धरता येत नाही, असा त्याचा अर्थ. सरकारला तो अधिकार आहे, असलाच पाहिजे. पण ज्या दिवशी कंपनीचा परवाना जातो त्या दिवशी कामगाराचा पास, त्याची सेवाज्येष्ठता, त्याची ग्रॅच्युइटी आपोआप पुढच्या कंपनीकडे जाईल, असा नियमही त्याच आदेशाबरोबर हवा. आश्वासनावर ते सोडणे योग्य नाही.

२३ जूनच्या रात्री इराणने कतारमधल्या अल उदेद तळावर क्षेपणास्त्रे सोडली. कतारने त्याआधीच आकाश मिटले होते. बहारीन, कुवेत, अमिराती यांनीही काही तासांसाठी तेच केले. एअर इंडियाने आखाताची उड्डाणे थांबवलीच, शिवाय युरोप आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची विमानेही रोखली. नेमका हाच सहारच्या मोठ्या गर्दीचा वेळ.

त्या गर्दीत माझे लक्ष एका प्रकारच्या प्रवाशाकडे जाते. तो रत्नागिरीचा असतो, सोलापूरचा, तेलंगणातल्या निजामाबादचा, बिहारमधल्या सिवानचा. गावाहून रेल्वेने आलेला, अंधेरी-साकीनाक्याच्या एजंटाने हातात दिलेली पारदर्शक फाइल छातीशी धरलेला, पहिल्यांदाच विमानात बसणारा. व्हिसाच्या मुदतीचे दिवस थोडे उरलेले असतात, कामावर रुजू होण्याची तारीख ठरलेली असते, एजंटाचे पैसे व्याजाने काढलेले असतात. विमान रद्द झाले की नियमानुसार त्याला परतावा किंवा दुसरे विमान मिळते. नुकसानभरपाई मिळत नाही, कारण युद्ध हे विमान कंपनीच्या हाताबाहेरचे कारण मानले जाते, आणि ते बरोबरही आहे. त्याच्यासाठी सक्तीचा प्रवासी भारतीय विमा असतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख. पण मुंबईत अडकलेल्या चार रात्रींचा हिशेब त्यात बसत नाही. तो मरोळच्या एखाद्या लॉजमध्ये सहा जणांच्या खोलीत झोपतो, नाहीतर मेट्रोच्या खांबाखाली.

केरळने १९९६ मध्ये परदेशी गेलेल्या मल्याळींसाठी नॉर्का हा स्वतंत्र विभाग काढला. कुवेतहून परतलेल्या माणसांच्या झुंडी तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ती सगळी माणसे मात्र आधी उतरली होती मुंबईत. महाराष्ट्राने सहारला तशी एक कायमची खिडकी उघडावी. ती रात्री दहा ते पहाटे पाच उघडी असावी, कारण विमाने तेव्हाच अडतात. तिथे तेलुगू आणि भोजपुरी कळणारी माणसे बसावीत. आकाश बंद झाल्यामुळे या माणसाचे अमुक विमान रद्द झाले, असे शिक्क्याचे पत्र तिथून त्याच्या परदेशातल्या मालकाला जावे, म्हणजे नोकरी हातची जाणार नाही. व्हिसाची मुदत संपत असेल तर वकिलातीशी बोलणारे कुणीतरी असावे. आणि विमानतळाभोवतीच्या हॉटेलांच्या गर्दीत, वैमानिकांसाठी असते तशीच, या माणसांसाठी चार रात्रींची शंभर खाटांची सोय आधीच करार करून ठेवलेली असावी. इराण आणि इस्रायल यांच्यातला १२ दिवसांचा संघर्ष २४ जूनला थांबला. पाकिस्तानचे आकाश मात्र तेव्हाही बंदच होते.